इम्रीच्या शिट्टीतली धूळ

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. मला मित्र असे कधी मिळालेच नाहीत. माझा जन्म बर्मिंगहॅमचा. पोटात बुचाची गोळी घालून मला बोटीने अमेरिकेत, व्हर्माँटमधल्या ग्रॅनाइटच्या गावी धाडले. तिथे विली इम्री नावाच्या स्कॉटिश पाथरवटाने मला गळ्यात बांधले. आठवडाभर तो शेडमध्ये छिन्नी चालवी आणि शनिवारी फुटबॉलचा पंच होई. कामावरही मी त्याच्या सदऱ्याखाली असे.

गावात संघ दोन, एक स्कॉटिशांचा आणि एक इटालियनांचा. आठवडाभर शेजारी बसून दगड घडवायचे आणि शनिवारी एकमेकांच्या नडग्या फोडायच्या, असा त्यांचा शेजारधर्म. मी वाजले की दोन्हीकडून शिव्या. "आपल्याच माणसांना विकलंस रे, इम्री!" हे स्कॉटिश ओरडत. "घरी तरी कुणी ऐकतं का याचं?" हे इटालियन. मला त्या सगळ्यांची चीड येई. पण इम्रीचा न्याय चोख होता आणि माझा आवाज डोंगरावरच्या खाणीपर्यंत जाई. त्याचा मला गर्व होता.

मग शेडमध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या आल्या. थंडीत दारे बंद आणि आत पिठासारखी धूळ. धूळ ओढणारे पंखे मालकांना परवडत नव्हते म्हणे. बंगल्यावर दुसरा मजला मात्र परवडला. इम्री खोकू लागला. खोकणाऱ्याला मुकादम कामावरून काढी, म्हणून तो खोकला रुमालात दाबी. मला सगळे कळत होते, कारण त्याचा श्वास माझ्यातूनच जाई.

१९१३ च्या अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, स्कॉटिशांचा कप्तान लीपर याने आपल्या गोलसमोर चेंडू हाताने अडवला. इम्रीने मला जीव खाऊन फुंकले. मी वाजलेच नाही, नुसती फुस्स झाले. खेळ चालू राहिला आणि लीपरच्या संघाने पलीकडे जाऊन गोल केला.

इटालियनांचा कप्तान ओरेस्ते अंगावर धावून आला. "चोरा! डोळे फुटले का तुझे?"

"शिट्टी नाही, म्हणजे गोल!" लीपर गुरगुरला. "गप राहा, इम्री. आपल्यातलाच ना तू?"

गप राहिला असता तर नोकरी वाचली असती. मुकादम मैदानाच्या दोरीपलीकडेच उभा होता.

"गोल नाही," इम्री म्हणाला. "मी फुंकली होती. दम पुरला नाही."

"सबबी सांगतोस?" ओरेस्तेने मला हिसकावून घेतले. "बघ, अशी वाजवतात!" त्याने छाती फुगवून फुंकले.

फुस्स.

त्याने पुन्हा फुंकले आणि इम्रीसारखाच खोकत गुडघ्यावर बसला. लीपर हसायला गेला, तर त्यालाही ठसका लागला, तो थांबेचना. मैदानात कुणी कुणाला शिवी देईना. शेवटी लीपरच म्हणाला, "गोल नाही."

सोमवारी मुकादमाने इम्रीला आणि ओरेस्तेला एकदमच घरी बसवले. दोन हिवाळ्यांत दोघेही गेले. त्यांच्या थडग्यांचे दगड शेडमधल्या सोबत्यांनी घडवले, तीच धूळ खात.

आता मी गावच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात असते. एक बाई दर आठवड्याला मला पुसतात. लोक म्हणतात, "अजून किती चकचकीत!" मित्रांनो, अशा वेळी 'जुन्या वस्तू जपा' असे मी सांगायचे असते. मी नाही सांगणार. पितळेला काय धाड भरली आहे? माझ्या पोटात, त्या गोळीभोवती, शेडची धूळ अजून तशीच आहे. जपायची होती ती माणसे.