लाल कूपे

गाल्दिनो माझा सख्खा थोरला भाऊ, आणि पक्का आतल्या गाठीचा माणूस. ब्रेशिया शहराच्या वरच्या खोऱ्यात पप्पांचा कारखाना होता. जस्त ओतून खेळण्यातल्या मोटारी बनवायच्या. आधी मोटारीचा चौपट मोठा लाकडी नमुना कोरायचा, त्यावरून पोलादी साचा करायचा. जो नमुना कोरेल त्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोटारीच्या पोटाखाली उठायचं, ही आमच्याकडची रीत.

लाल कूपे, म्हणजे दोन दारांची बसकी मोटार, मी कोरली. माझा पहिला नमुना, आणि शेवटचाही. साचा तयार झाला आणि त्याच आठवड्यात पप्पा गेले. गाल्दिनोने साच्यातलं माझं अक्षर बुजवून स्वतःचं कोरून घेतलं. मी जाब विचारला तर म्हणतो कसा, दुकानदारांना बाईच्या हातचा माल नको असतो, तू आता घर सांभाळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोरकामाची हत्यारं उचलली आणि निघून आले.

पुढच्या वसंतात, कूपेची पहिली ओतणी व्हायच्या आधी, माझा नमुना मागायला गेले. दिला नाहीच मेल्याने. परत फिरताना अंगणात भट्टीत टाकायला आणलेला भंगाराचा ढीग दिसला. त्यात जुने, शिशाचे पाण्याचे पाइप.

शिशाला पप्पांच्या कारखान्यात बंदी होती. रविवारी मासे धरून आलेल्या कामगारालासुद्धा सोमवारी फाटकावर खिसे उलटे करायला लावायचे, गळाचं शिशाचं वजन चुकून भट्टीत जाऊ नये म्हणून. चिमूटभर शिसं पडलं तरी जस्त आतून सडतं. ओतताना काही कळत नाही, दहा-पंधरा वर्षांनी भेगा पडतात. गाल्दिनो जन्मभर दुकानदारांच्या मागे फिरलेला, भट्टीपाशी कधी उभा राहिला नव्हता. त्याला स्वस्त धातू मिळाला, तो खूश.

मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. नाही बोलले. माझं अक्षर नाही ना, मग तुझंही टिकायचं नाही, असं मनाशी म्हटलं आणि घरी येऊन पोटभर जेवले.

लाल कूपे खोऱ्यातल्या घराघरांत गेली. चौदा वर्षांनी नगरपालिकेने त्या कूपेसाठी गाल्दिनोचा सत्कार ठेवला. मी मागच्या रांगेत. नगराध्यक्षांनी काचेच्या कपाटातून कूपे उचलली. दार त्यांच्या हातात राहिलं, बाकीचे तुकडे गालिच्यावर पडले. दुसरी उचलली, तिचाही भुगा.

गाल्दिनो पांढराफटक पडला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माझ्या बहिणीची करणी. नमुना एर्सिलियाने कोरलाय."

हे वाक्य ऐकायला मी चौदा वर्षं जीव टाकत होते. आणि बोलला तेव्हा हा असा. मी उठून पुढे गेले.

"हो, नमुना माझा. शिसं तू ओतलंस."

"एर्सी, तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तो वाकून गालिच्यावरचे तुकडे वेचायला लागला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

लोकांनी घरी जाऊन आपापली कपाटं उघडली. एकही धड निघाली नाही. गाल्दिनोची हवी तशी नाचक्की झाली. आता रस्त्यात बायका मला थांबवतात, नातवंडांना सांगतात, लाल कूपे हिने बनवली होती बरं का.

नातवंडं विचारतात, कुठली?