भोंग्याची हद्द

आर्वीत एके काळी सदाशिवरावांचा आवाज ओळखत नाही असं माणूस नव्हतं. सायकलरिक्षावर भोंगा बांधून ते तंबूतल्या सिनेमासाठी गावभर पुकारत फिरायचे, "आज तंबूत नवा खेळ! बायकांची बसायची वेगळी सोय!" गावात कुणावर संकट कोसळलं की तंबूवाला एका खेळाचा गल्ला मदतीला द्यायचा. त्या दिवशी रिक्षामागे चौघं जण चादरीची चार टोकं धरून चालायचे आणि लोक बंद मूठ चादरीत सोडायचे. कुणी किती टाकलं ते कुणाला कळत नसे. कुणासाठी, तेही नाही. सदाशिवराव एवढंच ओरडायचे, "आपल्या गावातल्या एका घरासाठी!" सगळं ठाऊक असायचं त्यांना, पण नाव कधी ओठांवर आलं नाही.

पुढं त्यांची बायको झालेली अनुसयाबाई तेव्हा दहा वर्षांची परकरी पोर. तिनंही एकदा चादरीत चार आणे टाकले होते. ते घर तिचंच होतं, कापसाच्या जिनातल्या आगीत हात भाजलेल्या तिच्या बापाचं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी नवऱ्यानं हे सांगितलं, तेव्हा ती आधी हसली, मग रडली.

"बरं झालं नाव नाई घेतलं तुमी," ती म्हणाली. "घेतलं असतं त बाप तवाच मेला असता."

आता तीच वर्ध्याच्या दवाखान्यात पडून होती. हृदयाची झडप बदलायची होती, आणि घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा निकेश म्हणाला, "बाबा, मदतीसाठी मोबाइलवर टाकतो. पन फोटो अन् नाव लागते. त्याबिगर कोनी देत नाई आजकाल."

सदाशिवरावांनी दोन दिवस त्याला टाळलं. मग त्यांनी मनाची समजूत घातली. आपला भोंगा नाक्यापलीकडे कधी ऐकू गेला नाही. आर्वीची गोष्ट आर्वीतच राहील, आणि अनुसया तर वर्ध्याला. बिचाऱ्यांना वाटलं, मोबाइललाही हद्द असेल. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही. ती झोपलेली असताना फोटो त्यांनीच काढू दिला.

चौथ्या दिवशी सपना जवळ आली. ही पुलगावची, शेजारच्या खाटेवरच्या सासूजवळ राहायला आलेली. मनानं चांगली पोरगी.

"आजी, ह्या तुमीच ना?" तिनं मोबाइल पुढं धरला. "मीनं पन थोडे पाठवले, बरं."

अनुसयाबाईनं पाहिलं. तोंड उघडं, केस विस्कटलेले, नाकात नळी. खाली ठळक अक्षरांत तिचं नाव, नवऱ्याचं, गावाचं.

"हे कोनं देल्लं?" तिनं पायथ्याशी बसलेल्या नवऱ्याला विचारलं.

निकेशवर ढकलता आलं असतं. पण खोटं बोलायला सदाशिवरावांची जीभ वळेना.

"मीनं," ते म्हणाले.

अनुसयाबाईनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

दुपारी निकेश धावतच आला. "बाबा, जमले पैसे! उद्याच ऑपरेशन!" मागून नर्स संमतीचा कागद घेऊन आली. अनुसयाबाईनं पेन बाजूला सारला.

"नाव त साऱ्या मुलखात लिहून झालं माह्यं. आता इथं कायले?"

आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"अनुसया, पाया पडतो तुह्या. सही कर." ज्या गळ्यानं अख्खं गाव गोळा केलं, त्यातून एवढंही धड बाहेर पडलं नाही. डॉक्टर दोनदा येऊन समजावून गेले. तिनं मान वळवली नाही.

पैसे आल्याचे निरोप देत निकेशच्या खिशात मोबाइल वाजतच होता.

"बंद कर रे ते," सदाशिवराव म्हणाले. "पुरे म्हन लोकाईले."

"कसं बंद करू, बाबा?" निकेश रडवेला झाला. "माह्या हातात नाई राह्यलं आता. लोक फोटो पुढं पाठवून राह्यले."