खुनी अजून ओला आहे

घरात माणसं दोन, आणि खुनी कोण हे त्यांतल्या एकालाच ठाऊक होतं.

दोघं भावंडं. ताई एक्याऐंशीची, भाऊ चौऱ्याहत्तरचा. भावाने एका मोठ्या कचेरीत छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि नोंद करायची, जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा आणि नोंद करायची. येणं आणि जाणं यांच्या मधल्या काळात पत्राचं काय होतं, याच्याशी त्यांचा संबंध नसे. खरं म्हणजे कचेरीत कुणाचाच नसे. तिथे त्यांना सगळे जावकराव म्हणत. निवृत्तीला सोळा वर्षं होऊनही ते नाव सुटलं नाही. ताईसाठी मात्र ते ‘धाकट्या’च होते, आणि मरेपर्यंत राहणार होते.

मागच्या वर्षी ताईच्या नजरेच्या बरोबर मधोमध धुकं आलं. कडेचं दिसे, मधलं नाही. माणसाचे कान दिसत, चेहरा गुल. “या वयात चेहरे नाही दिसले तरी चालतं,” ताई म्हणाली, “बहुतेक सगळे पाहून झालेत.” पण धुकं आलं ते नेमकं वाईट वेळी. ताई तेव्हा एका दोनशे साठ पानी रहस्यकथेच्या पान दोनशे अकरावर होती. घड्याळांचा कारखानदार बंद खोलीत मरून पडला होता, संशयित पाच होते, आणि उलगडा व्हायला एकोणपन्नास पानं बाकी होती.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “मोठी, जाड, काळी अक्षरं अजून काही महिने वाचता येतील. किती महिने ते मी सांगत नाही. मी सांगितलं की चुकतं.”

“मी वाचून दाखवतो की,” जावकराव म्हणाले.

“तू नको. खुन्याचं नाव आलं की तुझा आवाज बदलेल. लहानपणी खिशात गोळी लपवलीस तरी तुझे कान लाल व्हायचे.”

“मग फोन वाचून दाखवतो हल्ली.”

“ऐकलाय मी तो. खूनसुद्धा असा सांगतो, जशी गाडी वीस मिनिटं उशिरा येणारे.” ताईने पुस्तक मांडीवर थोपटलं. “एवढी एकोणपन्नास पानं मला माझ्या डोळ्यांनी वाचायचीत, धाकट्या. तेवढी झाली की मग डोळ्यांना म्हणेन, जा बाबांनो कुठे जायचं तिथे.”

ताईने आजवर धाकट्याकडे काही मागितलं नव्हतं. मागण्यापेक्षा हुकूम देणं तिला सोपं जाई. म्हणून जावकराव कामाला लागले. दोन बोटांनी पाच आठवडे त्यांनी ती पानं कॉम्प्युटरवर टाइप केली. अक्षरं अंगठ्याच्या नखाएवढी आणि जाड केल्यावर एकोणपन्नास पानांची तीनशे बारा झाली. टाइप करताकरता खुनी कोण ते त्यांना अर्थातच कळलं, आणि तेव्हापासून ते जेवताना फक्त ताटाकडे पाहू लागले.

मग प्रिंटर आणला. शाईचे थेंब उडवून छापणारा, खोक्यावर हसतमुख कुटुंब असलेला. त्या कुटुंबाला हसायला काय झालं होतं ते कळायला मार्ग नाही, कारण पहिलं पान बाहेर आलं ते धुतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं चुरगळलेलं. ओळी वरखाली नागमोडी, अक्षरांवरून काळे फरांटे, आणि मजकुरावर असा फासलेला डाग की जणू खुनी पुरावा पुसून गेला होता.

ताईने पान डोळ्यांच्या कडेला धरून पाहिलं. “हा खुनी कोळशाच्या वखारीत कामाला होता का रे?”

“यंत्र नवीन आहे. सरावेल.”

यंत्र सरावलं नाही. जावकरावांनी पानं इस्त्री केली. पानं सपाट झाली, इस्त्री काळी झाली, आणि पुढचे चार दिवस त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ‘इन्स्पेक्टर दचकला’ ही दोन शब्दांची ओळ वाचता येत होती. मग त्यांनी ओली पानं एकावर एक रचून वर शब्दकोश ठेवले. सकाळी पान एकशे चारचा साक्षीदार पान एकशे पाचच्या पाठीवर उमटला होता. मग दोरीवर चिमट्यांनी टांगून पाहिली. ताई चाचपडत आली, तिचा हात एका पानाला लागला, आणि ती म्हणाली, “इथे काय, संशयितांना फाशी दिलीस की काय?”

हे सगळं विनोदी होतं ते तेवढ्यापुरतंच. कारण त्याच आठवड्यात एका सकाळी ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान तिरकी करून पाहिलं आणि वेळ सांगितली नाही, विचारली. ते घड्याळ परातीएवढं होतं. जावकरावांनी वेळ सांगितली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच एक भांडं घासलं.

दुपारी त्यांनी दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. दुसऱ्या दिवशी एक उंच मुलगी आली. खांद्याला पिशवी, कानावर पेनासारखा खोचलेला स्क्रूड्रायव्हर. जावकरावांनी प्रिंटर पुढे सरकवला. मेकॅनिकबाईने त्याला हातही लावला नाही. तिने एक कोरा कागद उचलला, कानाजवळ नेऊन हलवला आणि विचारलं, “काका, कागद कुठे ठेवता?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीत. गठ्ठा सोडून. कागदाला हवा लागली पाहिजे. कोंडलेला कागद कुजतो.”

“कुणी सांगितलं?”

“आमच्या रेकॉर्डरूममध्ये नियम होता.”

“आणि खिडकीखाली किटली उकळते.”

“दिवसातून सहा वेळा,” आतून ताई म्हणाली. “सात.”

“म्हणजे कागद छापायच्या आधीच अर्धा ओला,” मेकॅनिकबाई म्हणाली. “हा असा हलवला की खडखड वाजायला हवा. हा तर हळहळतोय. बरं, एक पान काढून दाखवा मला. नेहमी काढता तसंच.”

जावकरावांनी विचारपूर्वक पान एकशे एक्कावन्न निवडलं. त्यात फक्त हवामानाचं वर्णन होतं, कुणावर संशय जाण्यासारखं काही नव्हतं. प्रिंटर घरघरला. पान बाहेर डोकावलं. तळाच्या दोन ओळी अजून आतच होत्या, तोच जावकरावांनी पान चिमटीत धरून ओढलं, टेबलावर आपटलं आणि बाजूला ठेवलेला टिपकागदाचा लाकडी ठोकळा त्यावर डावीकडून उजवीकडे असा झोकात फिरवला की बघत राहावं.

मेकॅनिकबाई बघतच राहिली.

“हे काय केलंत?”

“टिपलं.”

“का?”

“का म्हणजे? शाई ओली होती.”

“काका, आधी फक्त ओली होती. तुम्ही टिपल्यावर ती सगळीकडे झाली.”

जावकराव ठोकळ्याकडे पाहू लागले. हा ठोकळा निरोप समारंभात कचेरीने त्यांना भेट दिला होता. छत्तीस वर्षांत या ठोकळ्याखालून एकही शिक्का फरफटला नव्हता. नव्या कारकुनाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत, की ओल्या अक्षराला एक क्षणही एकटं सोडायचं नाही. आणि आता ही तिशीच्या आतली मुलगी सांगत होती की गुन्हेगार तोच होता.

“त्याची चूक नाही गं पोरी, माझी आहे,” ताई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. “याला मी अक्षरं शिकवली. घरात पाटी एक, शाळेत जाणाऱ्या आम्ही चौघी. ती याच्या वाट्याला कुठली यायला? मी पाण्यात बोट बुडवून काळ्या फरशीवर लिहायची. म्हणायची, वाळायच्या आत वाच, नाहीतर गेलं. हा धापा टाकत वाचायचा. ती घाई अजून गेली नाही याची.”

जावकरावांनी ठोकळा उचलून बाजूला ठेवला. त्यांचे कान मात्र लाल झाले.

मेकॅनिकबाईने पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. “यंत्र ठणठणीत आहे, आजी. बघा, अक्षरं जाडजूड, म्हणजे शाई भरपूर. कागद पातळ आणि वर ओलसर. तो पाणी पितो, फुगतो, लाटा येतात. आणि वरून शाई मारणारं हेड जातं ते त्या लाटांना घासत जातं. ते तुमचे फरांटे. उरलेलं काम काकांचा ठोकळा करतो.”

तिने पिशवीतून जाड कागदाचा बंद गठ्ठा काढला. ट्रेमध्ये थोडेच कागद घातले, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला चिकटतील एवढ्याच सरकवल्या. प्रिंटरच्या आत एक खटका होता, जाड कागदासाठी हेड किंचित वर उचलणारा. जावकरावांनी तो पाहिला होता, पण कुणाच्या लेखी परवानगीशिवाय हलवला नव्हता. तिने तो एका बोटाने वर केला. कॉम्प्युटरवर ‘साधा कागद’ होतं तिथे तिने ‘जाड कागद’ केलं. चारपाच कोरे कागद नुसतेच आरपार जाऊ दिले, तेव्हा आतल्या रुळांवर साचलेली शाई त्यांना लागून निघाली.

“आता शाई थोडी कमी करते. पण किती कमी, ते आजी ठरवणार.”

हवामानाचं पान तीनदा निघालं, तीन काळेपणाचं. मेकॅनिकबाईने जावकरावांचे दोन्ही हात हलकेच त्यांच्याच पाठीमागे नेऊन ठेवले. पानं टेबलावर वेगवेगळी पडून राहिली. खोलीत तिघं उभी, कुणी कशाला हात लावत नव्हतं. कचेरीत साहेबांच्या निधनानंतरही जावकराव इतका वेळ गप्प उभे राहिले नव्हते.

दहा मिनिटांनी ताईने एकेक पान कडेला धरलं. पहिलं मागे ठेवलं, काळं होतं पण पोटात थोडा फुगवटा होता. तिसरं राखेच्या रंगाचं, तेही नको. दुसरं तिने धरलं, मान तिरकी केली, आणि सावकाश, एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा, वाचू लागली. “त्या सकाळी. आकाश. अगदी. स्वच्छ होतं.” ती थांबली. “स्वच्छ आहे रे, धाकट्या. खरंच स्वच्छ आहे.”

जावकरावांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी मेकॅनिकबाईला दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा किटली खिडकीपासून लांब ठेवली.

जाताना दारात ती हळूच म्हणाली, “काका, एक विचारू? मघाशी तुमची खराब पानं चाळली मी. खुनी कोण आहे?”

“ते ताईच्या आधी कुणालाही सांगता येणार नाही,” जावकराव म्हणाले. “जावक झाल्यावर बघू.”

तीनशे बारा पानं छापायला पाच दिवस लागले. पानं पलंगांवर, खुर्च्यांवर, कपाटांच्या डोक्यावर सुटी सुटी वाळत पडली. उरलेला कागद वेष्टनात गुंडाळून कपाटात आडवा ठेवला गेला, आणि कुजला नाही. जावकराव घरात हात मागे बांधून हिंडत. ठोकळा त्यांनी स्वतःहून ताईच्या स्वाधीन केला होता. दोनदा त्यांनी तो परत मागितला, दोनदा मिळाला नाही.

मग ताईने खोलीचं दार लावून घेतलं. चार दिवस आतून फक्त पान उलटल्याचा आवाज येई, जाड कागदाचा खणखणीत, आणि मधूनच “मेला!” किंवा “तरीच!” चौथ्या दुपारी दार उघडलं. ताई येऊन टेबलाशी बसली. तिने पाण्याचा पेला मागितला. प्यायली नाही. बोट बुडवलं आणि टेबलाच्या काळ्या पाटावर मोठ्या अक्षरांत एक नाव लिहिलं.

“हाच ना? वाच लवकर.”

जावकरावांनी वाळायच्या आत वाचलं. “हाच.”

“मला दोनशे तिसाव्या पानापासूनच संशय होता.”

तो तिला नव्हता. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. (नावही इथे देत नाही. कुणाची एकोणपन्नास पानं राहिली असतील तर उगीच शाप नको.) नाव कडेने वाळत गेलं, शेवटचं अक्षर जरा रेंगाळलं आणि मग तेही गेलं. “तू चांगलं शिकलास हो,” ताई म्हणाली. ते वाचनाबद्दल होतं की छपाईबद्दल, हे विचारायची जावकरावांची हिंमत झाली नाही. एक्याऐंशी वर्षांत तिने असं दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर विचारलं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी पत्र लिहायला घेतलं. कोपऱ्यात ‘जावक क्रमांक १’ घातला, सोळा वर्षांत पहिला.

‘विषय: आभार. महोदया, आपण दिलेल्या सूचनांनुसार कार्यवाही पूर्ण झाली आहे. आमच्या ताईने उर्वरित पानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. याहून अधिक कसं लिहावं हे कचेरीत शिकवलं नाही, तरी जे लिहिलं नाही तेही पोचलं असं समजावं. आपल्या प्रश्नाचं उत्तर सोबतच्या बंद पाकिटात जोडलं आहे. पुस्तक वाचायचं असल्यास उघडू नये.’

पत्र प्रिंटरमधून सरळ, सपाट बाहेर आलं. त्यांनी ते पूर्ण बाहेर येऊ दिलं. खाली जाड पेनाने सही केली, आणि हात सवयीने ठोकळ्यासाठी टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला.

“धाकट्या.”

हात परत मागे गेला. जावकरावांनी परातीएवढ्या घड्याळाकडे पाहून ताईला वेळ सांगितली, आणि दोघं पत्राकडे पाहत बसून राहिली, दहा मिनिटं.