हटन मंडळी

"आडनाव नका लिहू बाई, नुसतं नाव लिहा. आडनाव इथं सगळ्यांचं एकच आहे," दारातल्या टेबलामागचा माणूस म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. सकाळपासून तो प्रत्येकाला हेच सांगत असणार, पण हसू अजून ताजं होतं.

एव्हरिलने बिल्ल्यावर आपलं नाव लिहिलं आणि तो कोटावर चिकटवला.

"आणि कुठले हटन म्हणायचे तुम्ही?"

"ब्रॅडफर्डचे," ती खोटं बोलली.

"अरे वा! रेल्वेवाले की गिरणीवाले?"

"गिरणीवाले," मागून तिचा नवरा डेरेक म्हणाला. "म्हणून तर कान गेलेत आमचे. जरा मोठ्यानं बोला."

तो माणूस खदखदून हसला आणि पुढच्या जोडप्याकडे वळला. डेरेकने एव्हरिलच्या पाठीवर हात ठेवला.

"मी खाली गाडीत बसतो. मॅच लागलीय रेडिओवर."

"आत चल की. चहा तरी घे."

"नको. मी खोटा हटन लगेच कळून येईन. तू जा. सावकाश ये."

एव्हरिल ना माहेरची हटन होती ना सासरची. माहेरचं स्टॉकडेल, सासरचं पिकल्स. पण हटन हे नाव तिच्याइतकं कुणी उराशी बाळगलं नसेल.

एकोणिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. समुद्रकाठच्या जत्रेत पाळणे फिरवणारा एक पोरगा उन्हाळ्याबरोबर आला आणि उन्हाळ्याबरोबर निघून गेला. वडिलांनी शेजारपाजारी सांगितलं की ती आजारी मावशीकडे गेलीय, आणि तिला लीड्सच्या पलीकडे, अडलेल्या पोरींसाठीच्या एका आश्रमात पोचवलं. मुलगा झाला. सहा आठवडे तिने त्याला पाजलं, न्हाऊ घातलं, त्याचे लंगोट धुतले. मग एका सकाळी मेट्रनने त्याला तिच्या हातातून घेतलं आणि तिला धुणं वाळत घालायला पाठवलं. ती गेली नाही. चादरींच्या खोलीत, दाराआड उभी राहिली. कामवाली येऊन म्हणाली, "हटन मंडळी आलीत." मग पावलं वाजली, आणि एका बाईचा आवाज आला. त्या बाईने बाळाबद्दल एक प्रश्न विचारला, मेट्रनने कोरडं उत्तर दिलं, आणि दार बंद झालं. तो प्रश्न एव्हरिलने पुढे कुणालाही सांगितला नाही. डेरेकलासुद्धा नाही.

बाकी सगळं मात्र त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, बस डेपोच्या कँटीनमध्ये. डेरेक बसचा ड्रायव्हर. त्याने बराच वेळ चहा ढवळला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

"हटन."

"बरं," तो म्हणाला. तो विषय त्याने परत काढला नाही. पण पहिली गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "शेरीफ हटनला म्हणे चहा चांगला मिळतो."

आमच्या यॉर्कशरात हटन नावाची गावं पैशाला पासरी. टेकाडाच्या सोंडेवर चार घरं उठली की झालं हटन. दोघं सँड हटनला गेली, हटन क्रॅन्सविकला गेली, हटन-ले-होलला तर कितीदा गेली. डेरेक कुंपणाला टेकून मेंढ्यांकडे बघत राही आणि एव्हरिल रस्त्यावरून जाणारी मुलं बघत राही. पुढे पुढे तरुण पोरं, मग बाप्ये. त्या गावांमध्ये हटन आडनावाचं कुणी भेटलं नाही, आणि भेटणारही नव्हतं. जो गाव सोडून गेला त्यालाच परमुलखात लोक हटनचा म्हणाले. जे राहिले त्यांना कोण कशाला हटन म्हणेल? हे एव्हरिललाही कळत होतं. तरी पुढच्या रविवारी ती बूट घालून तयार असे.

तिची सगळी नोकरी डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. बाहेर बसलेल्या पेशंटांची नावं पुकारायची आणि आत न्यायचं, हे काम. हटन हे नाव पुकारताना दर वेळी तिचा आवाज थोडा चढायचा, आणि उठून यायची एखादी म्हातारी, नाहीतर काठी टेकत शेतकरी. दत्तक गेलेल्यांना मोठेपणी जन्मदात्या आईचा शोध घेता येईल असा कायदा झाला, तेव्हा तिनेही आपलं नाव नोंदवलं. कुणी आलं नाही. डेरेकपासून मूल झालं नाही. त्याबद्दलही तो काही बोलला नाही.

जगभरच्या हटनांचा मेळावा ह्यांतल्याच एका हटन गावात भरतोय, हे तिला वाचनालयातल्या सूचनेवरून कळलं होतं. "जाऊन तर ये," डेरेक म्हणाला होता. "फार तर हाकलतील."

गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑस्ट्रेलियाहून आलेले हटन घाम पुसत होते, कॅनडावाले फोटो काढत होते. लांब टेबलावर फ्रूट केक आणि चीज, अंड्याची सँडविचेस. भिंतभर वंशवृक्षांचे कागद टांगले होते, आणि त्यांच्यासमोर क्लिफर्ड नावाचे निवृत्त मास्तर हातात लांब पट्टी घेऊन उभे होते. एव्हरिल बराच वेळ त्यांच्या शेजारी घुटमळली.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"ह्यात... घेतलेली मुलं कुठं दाखवतात?"

"दत्तक? छे, ती नाही धरत आम्ही. रक्ताचे तेवढेच. नाहीतर कुणीही उठेल आणि हटन होईल. ह्याला काही शास्त्र आहे बाई."

"क्लिफर्ड!" मागच्या खुर्चीतून एक खणखणीत आवाज आला. नव्वदीला टेकलेली, पांढऱ्या केसांची, इवलीशी म्हातारी. "माझा मार्टिन तुझ्या पट्टीत बसत नाही होय रे? तुझ्याहून बरा हटन आहे तो. आणि रक्ताचं एवढं नको सांगूस. तुझ्या आजोबांच्या वेळी दूधवाला कोण होता ते माझ्या सासूला ठाऊक होतं."

आजूबाजूचे हटन फिस्सकन हसले. क्लिफर्ड मास्तरांनी पट्टी दुसऱ्या भिंतीकडे वळवली.

"बसा हो," म्हातारी एव्हरिलला म्हणाली. "मी आयव्ही. ह्या लोकांना झाडं मोजता येतात, सावली नाही कळत. चहा घेतलात? ती अंड्याची सँडविचेस नका घेऊ, ऑस्ट्रेलियावाल्यानं सगळी चाचपलीत."

एव्हरिल बसली.

"तुमचा मार्टिन... दत्तक?"

"सहा आठवड्यांचा होता. लीड्सच्या पुढं एक आश्रम होता, टेकडीवर. बाहेर नुसत्या चादरी वाळत असायच्या, शिडाचं जहाजच म्हणा. आमचे हे बाहेर टोपी चुरगाळत उभे आणि मी आत. मला मुलाबद्दल ओ की ठो माहीत नाही. मनात म्हटलं, काहीतरी विचारायला हवं, नाहीतर ही बाई म्हणेल की हिला आई होता येणार नाही. मग काहीतरीच विचारून बसले. म्हटलं, 'ह्याला गाणं आवडतं का हो?' ती मेट्रन, मेली, उलट्या काळजाची, माझ्याकडे बघून म्हणते कशी–"

"'बाळाला दूध आवडतं, मिसेस हटन,'" एव्हरिल म्हणाली.

आयव्हीचा कप बशीवर येता येता थांबला.

सभागृहात कुणीतरी ग्रुप फोटोसाठी ओरडत होतं. सगळे हटन हसत, ढकलाढकली करत बाहेरच्या हिरवळीकडे निघाले. ह्या दोघी बसून राहिल्या.

"तू दाराआड होतीस," आयव्ही म्हणाली.

एव्हरिलने मान हलवली.

"सगळा वेळ?"

"धुणं वाळत घालायला पाठवलं होतं. मी गेले नाही."

आयव्हीने कप खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले.

"इतकी वर्षं दारावरची बेल वाजली की मला वाटायचं, आली ती. पोस्टमन असायचा. पण मला वाटायचं, आली. उंच असशील, भांडकुदळ असशील असं काहीबाही. आणि तू ही एवढीशी."

"गायलात का हो?" एव्हरिलने विचारलं. "त्याच्यासाठी?"

"अगं, रोज. बेसूर आहे मी, चर्चमध्ये मला नुसते ओठ हलवायला सांगतात. तरी गायले. त्याला झोप लागायची असं नाही, आमचे हे मात्र ढाराढूर." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. "तू रडत नाहीस?"

"मागाहून रडेन. आत्ता सांगा."

मग आयव्हीने सांगितलं. गोवर कधी आला, हात कसा मोडला, शाळेत कसा मागे राहायचा आणि स्क्रू-पाने घेऊन घरातलं घड्याळ कसं खोलून बसायचा. लिफ्ट दुरुस्त करतो. बायको सोडून गेली. मुलगी कॅनडात शिकते. एव्हरिल एकेक गोष्ट अशी ऐकत होती की मधेच श्वास घेतला तर काही सांडेल.

"त्याला माहीत आहे?" शेवटी तिने विचारलं.

"दत्तक आहे ते माहीत आहे. मी एकदा विचारलं होतं, शोधायचं का रे? म्हणाला, 'आई, नळ गळतोय, आधी तो बघू दे.' मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दर वाढदिवसाला जेवण झालं की एकटाच फिरायला जातो. कुठं, ते मी विचारत नाही."

"मला काही नको आहे. मी नुसतं बघायला आले."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस पोरी. एवढ्या लांब नुसतं बघायला कुणी येत नाही." आयव्हीने तिचं मनगट धरलं. "येईल तो आता, मला न्यायला. आज नको. त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. मला जरा सवड दे. देशील?"

एव्हरिल दाराकडे बघत होती. बाहेरच्या उजेडात माणसांच्या सावल्या येत-जात होत्या. त्यांतली कुठलीही सावली त्याची असू शकत होती.

"तुमच्या तोंडूनच कळेल," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. कधीच नाही."

आयव्ही शब्दाला पक्की होती, पण त्या वर्षीच्या हिवाळ्याने तिला सवड दिली नाही. नाताळाच्या आधीच ती गेली. एव्हरिलला ते वर्तमानपत्रात कळलं. डेरेक म्हणाला, आता तर सांगायला हरकत नाही. ती म्हणाली, मी शब्द दिलाय. तिचं नाव सरकारदरबारी नोंदवलेलं होतं, आणि ते तिने तसंच राहू दिलं. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर केस जेमतेम. पायपुसण्यावर त्याने बूट दोनदा घासले, मग आत आला.

"आई, चल. का अजून कुणाशी भांडायचं राहिलंय?"

"क्लिफर्ड तेवढा राहिलाय. मार्टिन, ह्या एव्हरिल. ह्यांची गाडी खाली ओढ्याकाठी आहे आणि वाट निसरडी. आधी ह्यांना सोडून ये."

"अहो, जाईन मी," एव्हरिल म्हणाली.

"जाशील कशी? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणालीस ना?" आयव्ही दटावून म्हणाली. गुडघ्याचा विषय दोघींत निघालाच नव्हता.

मार्टिनने हाताचं कोपर पुढे केलं. एव्हरिलने आपला हात त्यात घातला. लोकरीच्या स्वेटरखाली त्याचा दंड ऊबदार होता. दोघं उताराला लागली. तो तिच्यासाठी पावलं आखूड टाकत होता.

"दमवलं असेल तुम्हाला आईनं. बोलायला लागली की थांबत नाही."

"नाही. छान बोलतात."

"तुम्ही कुठले हटन?"

"मी हटन नाही," एव्हरिल म्हणाली. "उगीचच आले होते."

तो हसला. "मग आपण दोघं सारखेच. मीही तसा नाहीच. मला घेतलंय ह्यांनी. पण आईला सांगू नका हं, ती मारेल तुम्हाला."

वळणावर दगड ओले होते. त्याने तिचा हात घट्ट दाबून धरला आणि तो भाग पार होईपर्यंत सोडला नाही. ती त्याच्या कानाकडे बघत होती, कपाळाकडे, दाढी करताना राहून गेलेल्या गालावरच्या दोन केसांकडे. विचारायचं खूप होतं.

"लिफ्टमध्ये माणसं अडकतात तेव्हा घाबरत असतील," ती म्हणाली.

"घाबरतात की. मी आधी बाहेरून बोलत राहतो. काहीही, हवापाण्याचं. कुणीतरी पलीकडं आहे एवढं कळलं की माणूस शांत होतं."

ओढ्याकाठी डेरेकने त्यांना येताना पाहिलं. तो गाडीतून उतरला नाही, फक्त हात लांब करून रेडिओ बंद केला. मार्टिनने दार उघडलं, एव्हरिलला बसवलं. तिच्या कोटाचं टोक बाहेर राहिलं होतं. त्याने वाकून ते उचललं, चिखल लागला नाही ना ते बघितलं, तिच्या मांडीवर नीट ठेवलं आणि दार हलकेच लावून घेतलं. मग काचेवर दोन बोटं वाजवली आणि चढ चढायला लागला.

डेरेक आरशातून त्याच्याकडे बघत होता. किल्ली लावलेली होती, पण त्याने ती फिरवली नाही.