उर्सेदोच्या पाळीची काठी

मी काठी आहे, पण कुणा एकाची नाही. म्हाताऱ्याच्या हातातली आधाराची नाही, गुराख्याच्या खांद्यावरची नाही. मारायच्या कामी तर आजवर एकदाच आले, तेही सापासाठी. मी उर्सेदो गावाच्या पाळीची काठी. संध्याकाळी मला ज्या दाराशी टेकवतात, त्या घरावर दुसऱ्या दिवशीच्या गावकामाची पाळी. एवढंच माझं काम. पण या कामापायी स्पेनमधल्या लेओनच्या डोंगरातल्या या गावाचा एकेक उंबरठा मला पाठ आहे.

चेस्टनटच्या झाडाची मी एक सरळ फांदी होते. गावातल्या लाउदेलिनोच्या आजोबांनी मला तोडलं, हिवाळाभर चुलीवरच्या धुरात टांगलं आणि वसंतात लोहाराकडून खाली लोखंडी टोक बसवून घेतलं. तो धुराचा वास माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

तेव्हा गावात अडतीस घरं होती आणि प्रत्येकाकडे चार-पाच शेळ्या. राखण्यासाठी माणूस ठेवणं कुणालाच परवडायचं नाही. म्हणून सगळ्या शेळ्या एकत्र करायच्या आणि रोज एका घराने डोंगरावर न्यायच्या. संध्याकाळी परत आल्यावर पुढच्या घराच्या दाराशी मला टेकवायचं, कडी वाजवायची आणि मुकाट्याने निघून जायचं. बोलायचं नाही. बोललं की माणसाला सबबी सुचतात, हे त्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

काय दिवस होते ते! बेलार्मिनोच्या लग्नाच्या दिवशी नेमकी त्याच्या घराची पाळी आली. घरात दुसरा धडधाकट माणूस नव्हता. गडी कोऱ्या बुटांनिशी शेळ्या घेऊन गेला आणि दुपारी धावत देवळात आला. नवरीने नाकाला डोक्यावरच्या ओढणीचं टोक लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला वाटलं मी एकाशीच लग्न करतेय. हा तर कळप घेऊन आलाय!" पाद्रीबाबासुद्धा हसले. नोव्हेंबरात घरोघरी डुकरं कापायचे, सॉसेजं भरायचे, आणि तेच चरबीने माखलेले हात मला उचलायचे. माझ्या अंगावरचं हे तेज कुठल्या रोगणाचं नाही, अडतीस घरांच्या हातांचं आहे.

मग घरं बंद व्हायला लागली. कुणी बिल्बाओच्या कारखान्यात गेलं, कुणी जर्मनीत. "हिवाळ्यापुरतं जातोय," असं म्हणायचे आणि किल्ली लाउदेलिनोकडे ठेवायचे. एका फेरीत मी सदतीस दारांशी उभी राहिले, पुढच्या वर्षी तीस, मग एकोणीस. शेळ्या विकल्या गेल्या. मला चुलीत घालतील असं वाटत होतं, पण पाणी उरलं होतं. गावाचं पाणी वरच्या झऱ्याच्या टाकीतून येतं. तिची जाळी रोज साफ करावी लागते, थंडीत बर्फ फोडावं लागतं. तेव्हा पाळी राहिली आणि मी वाचले. शेवटी दारं उरली सहा. सहा दिवसांत माझी फेरी पुरी व्हायची, आणि सहाही घरांत सत्तरीच्या खालचं कुणी नव्हतं.

नाही म्हणायला ऑगस्टात गाव भरायचं. गेलेल्यांची मुलं-नातवंडं नऊ दिवस यायची, नाचायची, मला पाहून "अय्या, ही अजून आहे!" म्हणून फोटो काढायची. टाकीवर एकही जात नसे. दहाव्या दिवशी पुन्हा कुलपं. खरं सांगते, त्यांच्या नडग्यांवर एकेक फटका द्यावा असं मला फार वाटायचं.

कारण बंद घराचं काय होतं ते मी पाहिलंय. दोन हिवाळे चूल पेटली नाही की वासे बुरसतात. तिसऱ्यात छपराची दगडी पाटी सरकते. पाचव्यात पाऊस माजघरात मुक्कामाला येतो. आणि मालक तिकडे शहरात म्हणत राहतो, "विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. आईचं घर आहे." अरे, आईचं घर आहे तर त्यात कुणाला तरी आंघोळीला पाणी तापवू दे ना!

अशात एका डिसेंबरात नोएमी आली. पस्तिशीची, समुद्रकाठच्या शहरातली. तिची जुनी गाडी, गाडीवर शिडी, आणि नखांत पाटीच्या दगडाची काळी भुकटी. आमच्याकडची छपरं काळ्या दगडी पाट्यांची असतात. ती दुरुस्त करणं हा तिचा धंदा. किल्ल्यांचा जुडगा लाउदेलिनोकडे असतो असं ऐकून ती त्याच्या दाराशी गेली. योगायोगाने मी तिथेच टेकलेली होते.

"घर पाहिजे?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या लाउदेलिनोने कानामागे हात धरला. "किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही, काका. राहायला."

"राहायला?" तो एक घर सोडून पलीकडे वळून ओरडला, "होनोरिना! ही पोरगी म्हणते तिला इथे राहायचंय!"

"मग डोक्याने जरा कमी असेल," तिकडून होनोरिनाचा आवाज आला. "आधी आत घे तिला. थंडी काय म्हणतेय!"

लाउदेलिनोने बारा मालकांना फोन केले. कुणाची मुलं कधीतरी येणार होती, कुणाच्या वडिलांचा पलंग तिथे होता, कुणी म्हणालं, भाडेकरू शिरला की निघत नाही. तेरावा गास्पार, बिल्बाओतला निवृत्त बसचालक. त्याच्या घराचं छप्पर गळत होतं म्हणून तो हो म्हणाला. "पण अकरा महिने. एक दिवस जास्त नाही." वर्षाचा करार केला की कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो, असं त्याला कुणीतरी कॉफी पिताना सांगितलं होतं.

गास्पारचं घर होनोरिना आणि लाउदेलिनो यांच्या मधलं. त्याची आई गेल्यावर बंद पडलेल्या त्या घराच्या धुराड्यातून एकवीस वर्षांनी धूर निघाला तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी होनोरिनाची पाळी होती. संध्याकाळी तिने मला उचललं. मी मनात म्हटलं, चला, सातवं दार!

होनोरिना त्या दारावरून पुढे गेली. पलीकडच्या भिंतीच्या कडेकडेने, चोरपावलांनी. तिने मला थेट लाउदेलिनोकडे टेकवलं, आणि रीत मोडून बोललीसुद्धा.

"दिवसभर लोकांच्या छपरांवर चढते बिचारी. तिला आणि कशाला वर टाकीवर पाठवायची?"

"तर काय. शिवाय भाड्याची. पाहुण्याच्या हातात कुणी झाडू देतं का?"

दोघांच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचा त्या मुलीवर जीव होता. तिच्या पायरीवर रोज काहीतरी असायचं: अंडी, बटाटे, चेस्टनटचा मुरांबा. रविवारी घंटा झाल्यावर देवळाच्या पडवीत गावाची सभा भरायची, तीही येऊन उभी राहायची, तर होनोरिना म्हणायची, "तू जा घरी पोरी, उगाच गारठशील." नोएमी हसायची आणि जायची. तिने गास्पारचं छप्पर नवं केलं, मग न सांगता होनोरिनाचंही केलं. अकरा महिन्यांचा करार संपला, आणखी अकरा महिने मिळाले. मी मात्र दर सहा दिवसांनी त्या दारावरून न थांबता जात राहिले. मला पाय असते तर मी थांबले असते!

दुसरा करार ऑक्टोबराच्या शेवटी संपत होता. त्याच्या आधीच्या रविवारी गास्पार स्वतः आला. होनोरिनाने हरभऱ्याचं मोठं पातेलं चढवलं, सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्या दिवशी पाळी तिची होती, म्हणून मी तिच्या उघड्या दाराशीच होते.

गास्पारने खिशातून कागद काढला. "पाच वर्षं," तो म्हणाला. "माझ्या मुली म्हणतात, बाबा, आम्ही काही येत नाही. आणि घर उभं राहिलंय ते हिच्यामुळे. घे पोरी, सही कर."

लाउदेलिनोने टेबलावर थाप मारली. होनोरिनाने डोळे पुसले. नोएमीने कागद वाचला, नीट घडी केला आणि परत ठेवला.

"आभारी आहे, गास्पार. पण मी खाली बाजारगावात खोली बघितलीय. शनिवारी जाते."

होनोरिनाच्या हातातला डाव तसाच राहिला. "का गं? आम्ही काय कमी केलं?"

"काही कमी नाही केलंत, काकू."

"मग?"

नोएमीने माझ्याकडे बोट केलं. "ही."

"काठी?"

"दर सहा दिवसांनी माझ्या दारावरून जाते. तुम्ही पलीकडच्या भिंतीने जाता, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू येतं, काकू. हिचं टोक दगडाला लागतं."

"अगं, तुझे कष्ट वाचावेत म्हणून..."

"मी कुठे म्हटलं वाचवा? पाणी मीही तेच पिते ना?"

"पाहुण्याला काम सांगायची रीत नाही आपल्यात," लाउदेलिनो पुटपुटला.

"बावीस महिने पाहुणी? काका, पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो म्हणतात. तुम्ही मला जडसुद्धा होऊ दिलं नाहीत."

"म्हणजे आता या कागदाचं मी..." गास्पारने तोंड घातलं.

"तू गप्प बस," होनोरिना कडाडली. "चाळीस वर्षांपूर्वी गेलास आणि आता जेवायला आलायस."

लाउदेलिनो ताटाकडे बघत म्हणाला, "काठी घेतली की सभेत बोलायचा हक्क येतो. भाड्याच्या माणसाला तो आजवर कधी..."

"आजवर भाड्याचा माणूस होता तरी कुठे, लाउदेलिनो?" होनोरिना म्हणाली.

नोएमी उठून गेली. हरभरे पातेल्यातच राहिले.

संध्याकाळी होनोरिनाने मला उचललं. गास्पारच्या घरासमोर ती थांबली. खिडकीतून बांधलेली खोकी दिसत होती. आमच्या डोंगरातल्या माणसांना चुकलं म्हणता येत नाही, जीभच वळत नाही. तिने मला एप्रनने वरपासून खालपर्यंत पुसलं, दाराशी टेकवलं, कडी वाजवली आणि मागे न बघता गेली. घरी पोचून तिने दार लावलं, पण आतून तिच्या सपाता पुढे सरकल्याचा आवाज काही आला नाही.

नोएमीने दार उघडलं. मला पाहिलं. आणि दार लावून घेतलं.

इतक्या वर्षांत मी हजारो रात्री दारांशी काढल्या, पण इतकी लांब एकही नव्हती. नको असेल तर त्या घराने स्वतः मला पुढे नेऊन ठेवायचं, असा नियम आहे. नेईल का पुढे? की असंच ठेवून शनिवारी गाडी सुरू करेल? मला वाटलं, फार उशिरा आले मी. बावीस महिने उशिरा.

सकाळी दार उघडलं. तिच्या पायांत बूट होते. तिने मला उचललं, तेही उलटं, लोखंडी टोक वर करून! चालेल, म्हटलं. काहीही चालेल.

वर टाकीची जाळी चेस्टनटच्या पानांनी बुजली होती. तिने बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घातला आणि पाण्याच्या गारठ्याला अशी शिवी हासडली की मला बेलार्मिनोच्या शिव्यांची आठवण झाली. पानं निघाली. मग तिला दिसलं की टाकीवर झाकण म्हणून ठेवलेली पाटी तडकली आहे. सहा म्हाताऱ्यांना ती उचलवत नव्हती, म्हणून कुणी बोललं नव्हतं. ती खाली गेली, गाडीतून नवी पाटी पाठीवर घेऊन पुन्हा चढली, हातोडीने कडा घडवून ती बसवली. आम्ही उतरलो तेव्हा दिवस बुडाला होता.

लाउदेलिनोच्या दाराशी तिने मला टेकवलं, कडी वाजवली आणि रीतीप्रमाणे न बोलता निघाली. दहा पावलंही गेली नसेल तोच दार धाडकन उघडलं.

"ए! ही काय वेळ झाली? उजेड असताना ठेवायची असते! माणूस सूप प्यायला बसला की कडी वाजवता?"

नोएमी गर्रकन वळली. बावीस महिन्यांत या गावात तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता.

"टाकीचं झाकण फुटलं होतं! ते बसवून आले!"

"कुणाला विचारून? आधी सभेत विचारायचं असतं!"

"मग सभा कधी आहे?"

"रविवारी! घंटा झाली की! आणि तिथे तरी वेळेवर ये!"

दार आपटलं. नोएमी अंधारत्या गल्लीत तशीच उभी राहिली. मग खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, मला पाठमोरं कळलं नाही. होनोरिनाच्या खिडकीचा पडदा तेवढा हलला. कागदावर सही दुसऱ्या दिवशी झाली. खोकी रिकामी होऊन चुलीत गेली.

आता माझी फेरी सात दिवसांची आहे. मी म्हातारी झालेय, मधोमध एक चीर गेलीय, टोक झिजलंय. तुमच्यापैकी कुणाच्या तरी गावाकडे एक कुलूपबंद घर असेल. तुम्ही ते आठवणींसाठी ठेवलं असेल. आठवणी माझ्याकडेही आहेत, अडतीस घरांच्या आहेत, आणि मी तुम्हाला सांगते, त्यांच्याने जाळीतलं एक पान निघत नाही. ते घर राहणाऱ्याला द्या. अकरा महिन्यांसाठी नको. नीट, वर्षानुवर्षं राहता येईल असं द्या. आणि तो राहायला आला की त्याला अंडी नेऊन द्या, जरूर द्या, पण पहिल्याच संध्याकाळी त्याच्या वाट्याचं कामही दाराशी नेऊन ठेवा.

वर, देवळामागे, एक बंद निळं दार आहे. त्याच्या मालकिणीचा परवा लाउदेलिनोला फोन आला होता. तो ओरडून विचारत होता, "किती दिवसांसाठी?" पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण त्याने फोन ठेवला, जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि तिला तेल लावत बसला.