नमुन्याची बाई

"जेवणाच्या टेबलासमोर समुद्र नको," लेव्हल म्हणाला.

"का?" घरच्या सुनेने विचारले.

"माणसं घाईघाईनं जेवतात. लाटा बघून वाटतं, पाणी येतंय, उरका लवकर."

सून हसली नाही, कारण लेव्हल हसला नव्हता. तो कधीच हसत नसे, त्यामुळे लोक त्याच्या बोलण्याला शास्त्र समजत. त्याचे खरे नाव आठवायला दुकानाच्या मालकालाही डोके खाजवावे लागे. चित्र सरळ लागले की नाही हे बघायची, आत पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी त्याच्या खिशातून सतत डोकावत असे. त्या पट्टीचे नाव माणसाला चिकटले आणि माणसानेही तक्रार केली नाही.

तो एका फ्रेमच्या दुकानात नोकरीला होता. दुकानातून फ्रेमा घेतल्या की लेव्हल शिडी घेऊन घरी येई आणि कोणत्या खोलीत काय शोभेल ते सांगून ठोकून देई. झोपायच्या खोलीत पाखरे दोनच. तीन असली की तिसरे कोण यावरून नवरा-बायकोत वाजते. घोडे धावत असतील तर दाराच्या दिशेने नकोत, पाहुणे लवकर उठतात. पाहुणे नकोसे असतील तर मुद्दाम तसेच लावावेत. न्हाणीघराकडच्या बोळात असे चित्र हवे, की कोणी बघितले नाही तरी त्याला वाईट वाटू नये. बहुतेक वेळा तिथे फळे जात.

या घरातले लोक नुकतेच राहायला आले होते. खोक्यांमधून वाट काढत सून त्याच्या मागे फिरत होती. समुद्र बैठकीत गेला. नवऱ्याला जगाचा नकाशा हवा होता, तो लेव्हलने सोफ्याच्या पाठीमागे लावला. "समोर असला की आपण कुठंच गेलो नाही हे रोज दिसत राहतं," तो म्हणाला. हे मात्र सुनेला पटले.

"आता राहिली आईंची खोली." सुनेने आवाज खाली आणला. "काका, तिथं आधीच एक फोटो आहे. जुन्या घरातून आणलाय. तो काढायचा आणि हा सूर्योदय लावायचा."

"कोणाचा फोटो?"

"तेच तर! कोणाचाच नाही. फ्रेमसोबत आलेली बाई आहे ती. आत आपला फोटो घालायचा असतो ना, तो आईंनी घातलाच नाही. आणि आता आई तिच्याशी बोलतात हो. मी स्वयंपाकघरात असते आणि इकडं गप्पा चाललेल्या. मध्ये थांबतात, जशी समोरची बोलतेय. परवा तर मला वाटलं, उत्तर आलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुम्ही घेऊनच जा तो फोटो. फ्रेमसकट. आम्हाला नको."

लेव्हलने सूर्योदय काखेत मारला, शिडी उचलली आणि दार ढकलले.

भिंतीवर त्याची बायको होती.

रिकामी फ्रेम खपत नाही, हा मालकाचा लाडका सिद्धांत. आत कोणीतरी असले की गिऱ्हाइकाला फ्रेम राहती वाटते. म्हणून आधी मालकाने एक छापील कुटुंब आणून घातले होते. आई, बाप, दोन मुले, सगळ्यांचे दात इतके पांढरे, की लोक ते बघून स्वतःच्या घरच्यांना आठवत आणि काही न घेता निघून जात. मग मालक म्हणाला, साधा, आपल्यातला वाटेल असा चेहरा पाहिजे. लेव्हलने बायकोचा फोटो आणून दिला. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. उन्हामुळे तिने कपाळावर हात धरला होता आणि ती हसत होती, कारण तिला नीट चौकटीत बसवायला मागे सरकता सरकता लेव्हल पाण्याच्या टबात बसला होता.

"छापा की," ती म्हणाली होती. "घरोघर राहीन, भाडं नाही, आणि कुठं केरही काढायला लागणार नाही."

तिचे गठ्ठेच्या गठ्ठे छापले गेले. गिऱ्हाइकाने घरी जायचे, तिला काढायचे आणि आपले माणूस आत घालायचे, अशी रीत. बहुतेक जण तसेच करत. पण फ्रेम एकदा भिंतीवर चढली की उद्या घालू, परवा घालू असे होतेच. अशा काही घरांत ती राहून गेली.

पुढच्याच वर्षी ती वारली. साध्या तापाने, म्हणजे डॉक्टर आधी साधा म्हणाले होते त्या तापाने. लेव्हल दिवस करून कामावर आला तेव्हा दुकानातल्या सगळ्या फ्रेमांत कुत्र्याचे एक पिल्लू बसले होते. मालक मनाचा चांगला. "तुला रोज बघावं लागू नये म्हणून उरलेला गठ्ठा मी जाळून टाकला," तो डोळे पुसत म्हणाला. "तो मूळचा फोटोही त्यातच होता बघ." लेव्हलने त्याचे आभार मानले. दुसरे काय म्हणणार? त्यानंतरच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि घरातल्या अल्बमचे एकच जाड पान झाले. त्याने ते वाफेवर धरून बघितले, सुरीने सोडवून बघितले. शेवटी हातात एक कोपर आले. ते कोणाचे होते तेही सांगता येईना.

तेव्हापासून ती त्याला लोकांच्या घरात भेटू लागली. तो कुठे मोर लावायला, कुठे धबधबा लावायला जाई आणि वळून बघावे तर ही भिंतीवरून हसते आहे. एकदा दाताच्या दवाखान्यात दिसली. रांगेत बसलेल्या माणसांत हसणारी ती एकटीच. लेव्हलने धीर करून मागायचे ठरवले आणि पुन्हा गेला, तोवर दवाखाना दुसऱ्या डॉक्टरने घेतला होता आणि तिच्या जागी मासा होता. एकदा एका सड्याफटिंग मुलाच्या खोलीत दिसली. लग्नाचा लकडा लावणाऱ्या आईला त्याने सांगून ठेवले होते, की हिच्याशी जमलेय, पण तिच्या घरचे फार कडक आहेत. तिच्या घरचा एकमेव माणूस तेव्हा शिडीवर उभा राहून हे ऐकत होता. पुढे त्या मुलाचे खरोखरच लग्न झाले आणि नव्या बायकोने फोटोचे तुकडे केले. तिचे काही चुकले नाही.

मागायला जावे आणि ती निघून गेलेली असावी, असेच होत आले होते. आज मात्र न मागता कोणीतरी म्हणत होते, घेऊन जा. पिशवीत कोणत्या बाजूने घालावी, काच आत की बाहेर, एवढाच विचार लेव्हलला सुचला.

"ये," खाटेवर बसलेली म्हातारी म्हणाली. "फ्रेमवाला ना तू? सुनेनं पाठवलंय हिला न्यायला. तिच्या आवाजावरून कळलं. तिला वाटतं ती हळू बोलते."

"हो, मावशी."

"मग ने बाबा. पोरगी घाबरते रात्रीची. तिनं घाबरायचं आणि मी गप्पा मारायच्या, हे काही बरं नाही." तिने पदराने चष्मा पुसला. "फ्रेम आमच्या ह्यांच्यासाठीच आणली होती. पण ह्यांचा एकेक फोटो काढून बघितला, तर सगळ्यांत असे बघतायत, जसा मी चहाला उशीर केलाय. म्हटलं, जन्मभर बघितलं तेवढं पुष्कळ झालं. राहू दे हिलाच."

लेव्हलने शिडी उघडली. काहीतरी बोलायला हवे म्हणून तो म्हणाला, "आणि मग तुम्ही बोलायला लागलात."

"आधी माझंच सांगायचे. दूधवाला असं म्हणाला, पाठ अशी दुखते. मग वाटलं, सारखं आपलंच काय लावलंय, तिचंही विचारावं जरा."

"ती सांगते?"

"फोटो कधी बोलतो का रे? मीच सांगते तिच्या वतीनं. वेड नाही लागलं मला. पण सुनेला हे सांगू नकोस, तिला तिच्या बहिणीशी बोलायला विषय होतो."

लेव्हल शिडी चढला. त्याचा आणि बायकोचा चेहरा एका उंचीवर आला. इतक्या जवळून तो कितीतरी वर्षांनी तिच्याकडे बघत होता. काचेवर धूळ नव्हती. कोणीतरी रोज पुसत होते.

"जपून काढ," खालून म्हातारी म्हणाली. "गुडघे धरलेत तिचे."

"गुडघे?"

"वय झालं ना आता. केस तर सगळेच पिकले."

"फोटोत तर काळे आहेत, मावशी."

"फोटो जुना आहे," म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली. "आणि तो हात बघ कपाळावरचा. चष्मा कुठंतरी विसरलीय आणि कोण आलंय ते दिसत नाही, म्हणून डोळे बारीक केलेत. कितीदा सांगितलं, दोरी लाव चष्म्याला. ऐकेल तर शपथ! मुलगी शिकवते कुठल्याशा शाळेत, तिचं ऐकते तेवढं. मुलगा लहानपणी फार उनाड होता, आता बोटीवर असतो. आणि परवा नात झाली. जावळ एवढं, की टोपी बसेना."

लेव्हलला मूलबाळ नव्हते. नात मात्र एकदम झाली. त्याने फ्रेमच्या खालच्या कडेला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

"कोणासारखी दिसते?"

"कोण, नात? लहान मुलं कोणासारखी दिसतात, बटाट्यासारखी. तू ओळखतोस का रे हिला?"

"नाही," लेव्हल म्हणाला. "बघितल्यासारखी वाटते."

"सगळ्यांनाच वाटते. चेहराच तसा आहे."

फ्रेम खिळ्यावरून उचलायला फार तर चिमूटभर जोर लागतो. लेव्हलने आयुष्यभर तेच केले होते. त्याने तो जोर लावला नाही.

"आणि हिचा नवरा?" त्याने विचारले.

"नवरा? तो गेला की."

"गेला?"

"बरीच वर्षं झाली. ही तरुण होती तेव्हा. उंच चढायचं काहीतरी काम करायचा, पडला कुठूनतरी."

लेव्हलने एका हाताने शिडी घट्ट धरली. खोलीत गारवा आल्यासारखे वाटले, पण खिडकी बंद होती. त्याने स्वतःच्या मोजे घातलेल्या पायांकडे बघितले. ते पायरीवर होते. तशी खात्री करून घेतलेली बरी.

"मग तिनं कसं काढलं?"

"काढलं. आधी रडली, मग पोरांच्या शाळा होत्या. रडायला बसली की नेमकं कुणीतरी भूक लागली म्हणायचं."

"आठवण येते तिला?"

म्हातारी फोटोकडे बघत थांबली, जसे समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तसे. लेव्हलही थांबला. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

"रोज नाही," म्हातारी म्हणाली. "पण दार वाजलं की आधी तोच वाटतो. मग स्वतःशीच म्हणते, छे, तो कशाला वाजवेल, त्याच्याकडं किल्ली आहे."

लेव्हल बराच वेळ शिडीवर होता. तिला पिशवीत घालून नेली असती, तर घरी पोचेपर्यंत तिचे केस पुन्हा काळे झाले असते. मुलगी शाळेत शिकवायची थांबली असती, बोट मुलाशिवाय गेली असती आणि टोपी न बसणारी ती नात नाहीशी झाली असती. शेवटी हातात उरली असती ती तापाने गेलेली एक बाई. तिला तो ओळखत होता. त्याने खिशातली पट्टी काढली आणि फ्रेमवर ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला. त्याने बोटाने फ्रेम थोडी उचलून तो मधोमध आणला.

सून दारात आली. "काढला का, काका?"

"नाही काढता येणार, ताई. या खोलीला हेच शोभतं."

"अहो पण सूर्योदय..."

"म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत उगवता सूर्य नको. आधीच लवकर उठतात, आणखी लवकर उठतील. मग तुम्हालाही उठावं लागेल. तो स्वयंपाकघरात लावू."

सुनेने सासूकडे बघितले, मग त्याच्याजवळ येऊन पुटपुटली, "आणि ते बोलणं?"

"दोघी आहेत तोवर चिंता नाही. एकटं कुणी बोलायला लागलं तर मला बोलवा."

तो थट्टा करतोय का हे बघायला तिने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितले. नेहमीप्रमाणे तिथे काही सापडले नाही. "बघा बाई, तुमचं शास्त्र," असे म्हणून ती सूर्योदय घेऊन गेली.

लेव्हल खाली उतरला. म्हातारीने त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली.

"हळू हं," ती कुजबुजली. "या वेळी जरा डोळा लागतो तिचा."

त्याने मान डोलावली. शिडी मिटताना नेहमी कर्रकन वाजे, म्हणून त्याने बिजागरीवर हात दाबून धरला. शिडी मिटली ती त्याच्या बोटावर. त्याने आवाज केला नाही. बोट तसेच तोंडात धरून, दुसऱ्या हाताने शिडी छातीशी कवटाळून, कुठल्याच भिंतीला तिचा धक्का लागू न देता तो चवड्यांवर चालत खोलीबाहेर पडला.