बाळंतिणींची गुहा

पाणी उपसायचं इंजिन गुहेत गेलं तर मनकर्णाला दूध सोसायटीचं चेअरमनपद मिळणार होतं. बाहेर राहिलं तर नुसती वटवाघळांची दुवा. तिनं कमरेची किल्ली काढली आणि गुहेच्या जाळीचं कुलूप उघडलं.

"आत कावून? तोंडाशीच ठिवा की," तिच्यासोबत गुहा राखणारी चतुराबाई म्हणाली.

"आतल्या डोहापातुर पाइप पुरंना," मोहनराव म्हणाले. इंजिन त्यांचं, आणि सोसायटीचे निम्मे सभासदही त्यांच्याच शब्दातले. "गावची गुरं पान्यावाचून वरडायलीत. मतं कोन देणार, मनकर्णाबाई? वटवाघळं?"

माणसं हसली. मनकर्णाही हसली, जरा उशिरा.

नेकनूरच्या डोंगरातली ही गुहा राखायला बायकांचं मंडळ तिनंच उभं केलं होतं. डोक्याला दिवा बांधून रांगायला शिकवलं, भिंतींवर रंगवलेली नावं त्यांच्याकडून घासून घेतली. नियमही तिचेच. वैशाखात वटवाघळांच्या अंगाला पिल्लं असतात, तेव्हा गुहेला बाळंतिणीची खोली समजायचं, आत जायचं नाही. आणि धूर नेईल ती मंडळातून बाहेर.

इंजिन दुपारभर आत धडधडलं. डोहाचं पाणी हौदात आलं, गुरं प्याली. धुरामागोमाग वटवाघळं भर उन्हात बाहेर पडली आणि सैरभैर झाली.

सकाळी दोघी आत गेल्या. पिल्लं खाली पडलेली, अजून केसही न फुटलेली. चतुराबाई ती लुगड्याच्या ओच्यात गोळा करू लागली. मनकर्णा तिला उजेड दाखवत होती. थोड्या वेळानं तिनं दिवा भिंतीकडं वळवला.

निवड झाल्यावर वनरक्षक आला. मंडळाच्या बायका जाळीपाशी जमल्या.

"इंजिन कुणी आत नेऊ दिलं?"

नव्या चेअरमनबाईंनी पदर सारखा केला, घसा साफ केला, पुन्हा पदर सारखा केला.

"म्या," चतुराबाई म्हणाली. "म्हस तानेली हुती माजी."

वनरक्षकानं मनकर्णाकडं पाहिलं. "तुमचा नियम काय आहे, बाई?"

चतुराबाई तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"तू गेलीस तर हितं कोन ऐकंल कुनाचं? दिवा काढ बिगीनं," ती पुटपुटली, आणि तिनं मान खाली केली.

मनकर्णानं तिच्या डोक्याचा दिवा सोडला. पट्ट्यात एक पिकला केस अडकला होता. तो तिनं हलक्या हातानं सोडवला. एवढीच काय ती हळुवारता तिला परवडली.

गुरांना पाणी मिळालं, मोहनरावांना शब्दातला चेअरमन, मनकर्णाला खुर्ची, वर गुहेची किल्लीही तिच्याकडंच राहिली. भरलं पिल्लांनी. राहिलेलं चतुराबाईनं.